बोअरचा पाइप कोण खातं?

बोअरमधून मोटार वर काढली, की लोखंडी पाइपावर तांबूस थर दिसतो. 'गंज चढला' म्हणून आपण मोकळे होतो. पण थर बोटाला बुळबुळीत लागला, तर ते काम बहुधा लोह-जिवाणूंचं असतं. या थराखाली हवा पोचत नाही. तिथं दुसरे जिवाणू पोसतात आणि पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो तो याचाच. लोखंड काळं पडतं, खड्डे पडतात, आणि एक दिवस पाइप तुटून मोटार खाली जाते.

म्हणून वास येताच किंवा ठिबकच्या तोट्या तांबूस चिकट्यानं तुंबू लागताच उपाय करावा. सहा इंची बोअरमध्ये दर फुटाला साडेपाच लिटर पाणी धरा. हजार लिटरला सुमारे ३०० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून वरची निवळी बोअरमध्ये सोडा. रात्रभर ठेवून, वास जाईपर्यंत पाणी उपसून टाका. तोवर ते पिऊ नये, पिकाला देऊ नये. ब्लीचिंगमध्ये ॲसिड कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.

जिवाणू पुन्हा येतात, तेव्हा लक्ष असू द्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावचे हातपंपही तपासावेत. नवीन बोअरला पीव्हीसी केसिंग घातलेलं बरं. ते गंजत नाही.