कात्रीचा हंगाम

द्राक्षाची वेल मूळची थंड मुलखातली. तिकडे हिवाळ्यात पानं गळतात, वेल निजते आणि वसंतात फुटते. वर्षाला एक छाटणी, एक पीक. नाशिकच्या खोऱ्यात ही झोप तिच्या वाट्याला येत नाही. समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवरच्या या पठारावर थंडी पडते, पण वेलीला निजवण्याइतकी कडक नाही. म्हणून इथे वेलीचा ऋतू शेतकऱ्याची कात्री ठरवते, तोही वर्षातून दोनदा.

वाइनरी बघायला लोक येतात ते जानेवारी ते मार्चमध्ये. तेव्हा घड भरलेले असतात, गंगापूर धरणाकाठी संध्याकाळी हवा छान असते. जरूर यावं. पण या खोऱ्याची कारागिरी बघायची असेल तर एप्रिलात यावं, भर उन्हाळ्यात. तेव्हा खरड छाटणी चाललेली असते. ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, एखाद-दुसरा डोळा राखून सगळ्या काड्या उतरवतात. हिरवागार मळा बघता बघता उघडाबोडका होतो. नवख्या माणसाला वाटेल, बाग मोडली.

खरं पीक इथेच सुरू होतं. या छाटणीनंतर फुटलेल्या काडीवर, पानाच्या बगलेतल्या डोळ्यात, पुढचे दीड-दोन महिने पुढल्या हंगामाचा घड तयार होत असतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. त्याला लागतं ऊन. आभाळ बरेच दिवस झाकोळलेलं राहिलं, तर घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता तणावा, निघते. बागायतदार म्हणतात, घड जिरला. फेब्रुवारीत खुडायच्या द्राक्षाचं भवितव्य असं मे महिन्याच्या उन्हात ठरतं.

पाऊस ओसरू लागला की दुसरी, गोडी छाटणी. त्याआधी काड्या तपासायला देतात. कितव्या डोळ्यात घड आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कात्री कुठे चालवायची ते ठरतं. मग राखलेल्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, म्हणजे ते एकदम आणि सारखे फुटतात. थंड देशात जे काम हिवाळा करतो, ते इथे हातमोजे घालून माणसं करतात.

वाइनच्या द्राक्षाला या छाटणीची वेळ फार जपावी लागते. लवकर छाटावं, तर परतीच्या पावसात कोवळ्या फुटीवर डावणी हा बुरशीचा रोग येतो. उशीर करावा, तर फळ मार्चच्या उन्हात सापडतं, साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. आंबटपणा गेलेली वाइन बेचव लागते. जानेवारीच्या गार रात्रींत तो टिकतो, म्हणून घड त्या सुमारास पिकायला लागावेत असा सगळा हिशेब.

खायच्या द्राक्षाचा बागायतदार थॉमसनचा मणी फुगवायला झटतो, विरळणी करतो, घड जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात बुडवतो. शेनिन ब्लां किंवा शिराझ या वाइनच्या जातींच्या बागेत याच्या उलट. मणी बारीक, बी असलेला, सालीचा हवा. लाल वाइनचा रंग आणि बराचसा सुगंध सालीतून येतो. मणी लहान, तर रसाच्या मानाने साल जास्त. टपोऱ्या, गोड मण्यांत वाढलेल्या शेतकऱ्याने हे बारकं पीक हाती घेतलं, ही मला या खोऱ्यातली सर्वांत धाडसाची गोष्ट वाटते.

तिला फार वर्षं झालेली नाहीत. राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकात इथे वाइनची द्राक्षं लावली, त्यांच्या सुला वाइनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं. पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळालं.

छाटणीला पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी टोळ्या येतात. काम बहुधा एकराच्या उक्त्यावर, त्यामुळे हाताला थांबायला उसंत नसते. कोणती काडी बारीक म्हणून काढायची, कोणता डोळा राखायचा, हा निर्णय त्यांना प्रत्येक वेलीपाशी क्षणात घ्यावा लागतो. कारखान्यात चकचकीत टाक्या दाखवणारा माणूस असतो. छाटणी दाखवायला कोणी नसतं. ती बघायची तर एखाद्या बागायतदाराला आधी विचारून, ऊन चढायच्या आत मळ्यावर पोहोचावं.