थंड हवा म्हणजे ताजी हवा नव्हे

वास्तुविद्येच्या अभ्यासक माधवी इंद्रगंटी यांनी 2008च्या उन्हाळ्यात आणि त्यामागून आलेल्या पावसाळ्यात हैदराबादमधील पाच निवासी इमारतींची पाहणी केली. वातानुकूलनाविना, पंखा आणि खिडकी यांच्या भरवशावर राहणाऱ्या शंभराहून अधिक रहिवाशांच्या नोंदींतून दिसले, की सुमारे 29 अंश सेल्सिअस तापमानात त्यांना उकडतही नाही आणि गारठाही जाणवत नाही. जवळपास 32 अंशांपर्यंत ते निभावून नेत. भारतीय संहितांनी सुखद मानलेली कक्षा मात्र 23 ते 26 अंशांची होती.

याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष अधिक बोलका आहे. खिडक्या असूनही त्या पुरेशा उघडल्या जात नव्हत्या. शेजारच्या सदनिकेतून आत येणारी नजर, रस्त्यावरचा गोंगाट, सुरक्षिततेची चिंता ही त्यामागची कारणे. डासांचे कारण गोमंतकीयांना वेगळे सांगायला नकोच.

खिडकी मिटली, की वातानुकूलन यंत्र आले. घराघरांत दिसणारे स्प्लिट यंत्र खोलीतलीच हवा ओढून, गार करून पुन्हा खोलीत सोडते. बाहेरची हवा आत आणत नाही. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे 420 भाग असते. दोन माणसे झोपलेल्या बंद खोलीत ते पहाटेपर्यंत दोन हजारांवर जाऊ शकते. सकाळी डोके जड होण्याचे खापर मग अपुऱ्या झोपेवर फुटते. हवा शुद्ध करणारे यंत्रही येथे उपयोगी पडत नाही: त्याची चाळणी धूलिकण अडवते, कार्बन डायऑक्साइड नव्हे.

बंद घरात उदबत्ती, धूप आणि फोडणीचा धूर यांची भर पडते. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार डासांची एक अगरबत्ती जळताना 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते. डासांसाठी खिडकी लावायची आणि आत ही बत्ती पेटवायची, हा सौदा महागात पडणारा आहे. त्यापेक्षा खिडकीला जाळी बरी.

स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंख्याबाबतही एक गैरसमज आढळतो. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो, तेवढी कुठून तरी आत यावी लागते. दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या घरात तो नुसताच घरघरतो, किंवा स्नानगृहाच्या डक्टमधली कोंदट हवा आत ओढतो. समोरच्या बाजूची एखादी खिडकी वीतभर उघडी ठेवली, तरी त्याचे काम सुरळीत चालते.

खिडक्या किती असाव्यात, याचे उत्तर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या 2018च्या ‘इको-निवास संहिते’त आहे. संमिश्र हवामानाच्या हैदराबादसाठी उघडता येणाऱ्या भागाचे प्रमाण सदनिकेच्या चटई क्षेत्राच्या किमान 12.5 टक्के, तर गोव्यासारख्या उष्ण-दमट प्रदेशासाठी 16.66 टक्के, म्हणजे सहावा हिस्सा. यातील कळीचा शब्द ‘उघडता येणारा’ हा आहे. दोन तावदानांची सरकती खिडकी कितीही मोठी दिसली, तरी हवेसाठी तिचा निम्माच भाग मोकळा होतो. बिजागरीची खिडकी जवळजवळ संपूर्ण उघडते. नव्या संकुलांत सदनिका पाहायला जाणाऱ्यांनी काचेची रुंदी मोजताना हा हिशेब आधी करावा.