कामाला हिंजवडी, राहायला कुठे?

हिंजवडीच्या शिवाजी चौकापासून वाकडचा पूल दोन-तीन किलोमीटरवर आहे. संध्याकाळी कंपन्या सुटल्या की तेवढ्या टप्प्याला कधी पाऊण तास लागतो आणि पाऊस असला तर विचारायलाच नको. त्या कोंडीत अडकलेल्या माणसाने तक्रार नेमकी कुणाकडे करायची? आयटी पार्क एमआयडीसीचा, गाव ग्रामपंचायतीचं, आजूबाजूच्या टॉवरना परवानगी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, म्हणजे पीएमआरडीएची. वाकडला पोचलं की पिंपरी-चिंचवड महापालिका लागते, मुळा ओलांडून बालेवाडीत शिरलं की पुणे महापालिका.

नोकऱ्या कुठे येणार हे एक खातं ठरवतं, घरांना परवाने दुसरं देतं आणि रस्ता, पाणी, बस तिसऱ्याच्या माथी मारली जाते. पुण्यात घर महाग आहेच. पण घर आणि काम यांच्यातलं अंतर हीसुद्धा एक किंमत आहे, आणि ती नोकरदार माणूस रोज पेट्रोलमधून, झोपेतून आणि मुलांच्या वेळातून भरतो.

याच परिसरात एकेकाळी वेगळा विचार झाला होता. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पिंपरीत कारखान्यालगतच कामगारांची कॉलनी वसवली. साठच्या दशकात एमआयडीसी आली, टेल्को आणि बजाज आले, आणि १९७२ मध्ये सरकारने पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन केलं. निगडी-आकुर्डी भागात जमीन संपादन करून सेक्टर आखले गेले, प्लॉट पाडले गेले, घरं बांधली गेली. कारखान्यातल्या कितीतरी माणसांना सायकलवरून कामाला जाता येईल इतक्या जवळ घर मिळालं. सगळंच गोड नव्हतं. जमिनी गेलेले शेतकरी साडेबारा टक्के जमिनीच्या परताव्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले आणि २०२१ मध्ये प्राधिकरण गुंडाळून पीएमआरडीएत विलीन करण्यात आलं. तरीही उद्योग आणला की कामगाराच्या राहण्याची सोय हा सरकारच्याच कामाचा भाग आहे, एवढं तेव्हा मान्य होतं.

नव्वदच्या दशकाअखेरीस हिंजवडी उभी राहताना तेवढंही उरलं नाही. कंपन्यांना भूखंड मिळाले, घरांचं बाजार बघून घेईल असं गृहीत धरलं गेलं. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या तेवीस किलोमीटरच्या मेट्रोचं भूमिपूजन झालं डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे पार्क सुरू होऊन जवळपास दोन दशकं उलटल्यावर. तोवर लोकांनी आपापल्या गाड्या घेतल्या होत्या.

हिंजवडी उभी राहत होती त्याच सुमाराला शहराच्या दुसऱ्या टोकाला, हडपसरला, मगरपट्ट्यातल्या सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी निराळीच वाट धरली. त्यांची जमीन चारशे एकरांच्या वर होती आणि शहर अंगावर येत होतं. तुकड्यातुकड्याने बिल्डरला विकायची की सरकारने संपादन करेपर्यंत थांबायचं, हे नेहमीचे दोन पर्याय समोर होते. सतीश मगर यांच्या पुढाकाराने त्यांनी जमीन एकत्र केली, कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन त्याला त्या प्रमाणात हिस्सा दिला. २००० मध्ये बांधकाम सुरू झालं. घरं, शाळा, दवाखाना, बाग आणि त्याच आवारात आयटी कंपन्यांच्या इमारती. शेतकऱ्यांची मुलं प्रकल्पातच कंत्राटदार झाली, कुणी वाहतूक धरली, कुणी बांधकाम साहित्याचा पुरवठा. जमीन विकून आलेला पैसा गाड्यांत आणि लग्नांत उडाल्याची उदाहरणं पुण्याभोवतीच्या गावागावांत सापडतात. इथे जमिनीचं उत्पन्न घरात येत राहिलं. याच धर्तीवर पुढे सिंहगड रस्त्यावर नांदेड सिटी झाली.

अर्थात मगरपट्ट्याच्या फाटकावर उभा असणारा सुरक्षारक्षक आत राहू शकत नाही. तिथे बाजाराची मर्यादा दिसते आणि धोरणाची गरज सुरू होते.

ते धोरण कागदावर आहे. मोठ्या शहरांत चार हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पात वीस टक्के घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची आणि ती म्हाडाच्या सोडतीतून द्यायची, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. पण अर्जदारांची गर्दी आणि घरांची संख्या यांचा मेळ बसत नाही आणि बाकीच्यांना खुल्या बाजारातच जावं लागतं. तिथे साठ लाखांच्या फ्लॅटवर महापालिका हद्दीत सात टक्क्यांनी चार लाख वीस हजार मुद्रांक शुल्क, वर तीस हजार नोंदणी फी. या सात टक्क्यांतला एक टक्का, म्हणजे साठ हजार रुपये, मेट्रोचा अधिभार आहे. उंड्रीत घर घेणाराही तो भरतो, आणि उंड्रीत मेट्रो नाही.

पाण्याची कथा याहून गंभीर आहे. जून २०२१ अखेर तेवीस गावं पुणे महापालिकेत आली आणि तिथल्या ग्रामपंचायती संपल्या. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून महापालिकेत प्रशासक बसला, तो साडेतीन वर्षांहून अधिक काळ. म्हणजे त्या काळात या गावांना ना सरपंच उरला ना नगरसेवक. महापालिकेचं पाणी येईपर्यंत पुरवठा आम्ही करू, अशी हमीपत्रं बिल्डरांनी दिलेली असतात. सोसायटी ताब्यात आली की टँकरचं बिल रहिवाशांच्या मेंटेनन्समध्ये चढतं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावर नांदेड, किरकटवाडी, धायरी परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण झपाट्याने वाढले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित अन्नपाण्यातून पसरणारा जिवाणू सापडला, तेव्हा कुठे नांदेडच्या विहिरीकडे आणि तिथल्या शुद्धीकरणाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. फ्लॅटवर पन्नास-साठ लाख मोजलेली माणसं पाणी उकळून पीत होती. शहराची हद्द वाढवताना जलशुद्धीकरण प्रकल्प आधी आणि घरपट्टीची बिलं नंतर, हा क्रम पाळणं अशक्य नव्हतं.

नोकऱ्या आधी आणि घरांचा विचार नंतर, हे हिंजवडीत झालं तेच आता चाकणला घडतं आहे. महिंद्रा, फोक्सवॅगन आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य छोटे कारखाने तिथे आहेत. मराठवाडा-विदर्भातून आयटीआय करून आलेली पोरं कॉन्ट्रॅक्टवर लागतात आणि महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडीत पत्र्याच्या नाहीतर स्लॅबच्या खोल्यांत चौघे-पाचजण मिळून राहतात. दिवसपाळीवाला उठला की त्याच गादीवर रात्रपाळीवाला आडवा होतो. पर्मनंट होण्याची आशा असते, पण तोवर बँक गृहकर्जासाठी दारात उभं करत नाही. त्यांना फ्लॅटची जाहिरात नको आहे. कंपनीपासून चालत जाता येईल अशी, दोन-तीन हजारांत परवडणारी, संडास-पाण्याची सोय असलेली भाड्याची जागा हवी आहे. अशी घरं ना बिल्डर बांधतो, ना एमआयडीसी.

पीएमआरडीएने या सगळ्या पट्ट्याचा विकास आराखडा २०२१ मध्ये जाहीर केला होता. त्यावर हजारो हरकती आल्या, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२५ मध्ये सरकारने तो रद्द केला. नवा आराखडा करताना कारखान्यांच्या भूखंडांशेजारी कामगारांच्या भाड्याच्या घरांसाठी आरक्षणं टाकण्याची संधी पुन्हा आली आहे. मोकळ्या जागा अजून शिल्लक आहेत, पण बांधकाम परवाने आराखड्यासाठी थांबलेले नाहीत.