कॉट बेसिस

जून-जुलैत पुण्याच्या सदाशिव, नारायण किंवा नवी पेठेतून चालत गेलं, की विजेच्या खांबांवर आणि डीपीच्या पेट्यांवर साधारण एकाच मजकुराच्या चिठ्ठ्या दिसतात. ‘मुलांसाठी कॉट बेसिसवर जागा. अभ्यासिकेजवळ. लाईट बिल वेगळे.’ बीड, नांदेड, बुलढाण्याहून आलेली मुलं पाठीवर बॅग घेऊन हे नंबर फिरवत असतात. त्यांना खोली मिळत नाही, खोलीतली एक कॉट मिळते. तिघा-चौघांत एक खोली, कपाटाचा एक कप्पा, सकाळी ठरलेल्या वेळेपुरतं गरम पाणी. उरलेला दिवस अभ्यासिकेत आणि मेसमध्ये जातो.

यातली बरीच मुलं स्पर्धा परीक्षेची असतात आणि त्यांची अडचण फारशी कुणी बोलत नाही. कॉलेजात प्रवेश असेल तर निदान वसतिगृहासाठी अर्ज तरी करता येतो. राज्यसेवेची तयारी करणारा पदवीधर बहुतेकदा कोणत्याच कॉलेजचा विद्यार्थी नसतो. त्यामुळे कॉलेजच्या वसतिगृहावर त्याचा हक्क नाही. शास्त्री रस्त्याच्या दोन्ही अंगांना त्याच्यासाठी शिकवण्या आणि अभ्यासिका उभ्या राहिल्या. राहण्याची सोय मात्र ज्याची त्याने बघायची.

महाराष्ट्रात हे असं नेहमीच नव्हतं. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणी माधुकरी मागत. पुण्यातलं अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचं पुणे विद्यार्थी गृह, १९०९ साली अशाच निराधार मुलांसाठी उभं राहिलं. पण वारांच्या या मायेला जातीची वेस होती. ज्याच्या हातचं पाणी चालत नाही, त्याला वार कोण देणार? शाहू महाराजांनी हे नेमकं ओळखलं. कोल्हापुरात १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि मधल्या व पुढच्या वर्षांत जैन, लिंगायत, मुस्लिम अशा कितीतरी समाजांची वसतिगृहं. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकाच छपराखाली, एकाच पंगतीत आणलं. पुण्यात डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली आणि खेड्यांतून येणाऱ्या मुलामुलींना आजही तिचा आधार आहे. शाळा-कॉलेजात नाव घातलं तरी रात्री पाठ टेकायला जागा नसेल तर मूल गावी परत जातं, हे या माणसांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या लेखी वसतिगृह हा शिक्षणाचाच भाग होता.

आता ते काम प्रामुख्याने बाजार करतो. जागा दाखवायला एजंट असतो आणि तो बहुधा एका महिन्याचं भाडं दलाली घेतो. फोनवर अनेकदा पहिला प्रश्न येतो, ‘आडनाव काय?’ दुसरा, ‘नॉनव्हेज खाता का?’ काही सोसायट्या तर अविवाहितांना जागा देऊच नका असं सभासदांना बजावतात. मुलींना रात्री परतण्याच्या वेळेची अट असते, मग अभ्यासिका रात्रभर उघडी असली तरी तिचा उपयोग काय? ज्या भेदावर उतारा म्हणून बोर्डिंगं निघाली, तो शंभर वर्षांनंतर पेठेतल्या जिन्यावर पुन्हा भेटतो, याचा मला मनापासून राग येतो.

कायदा इतका दुबळा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं ५५ वं कलम प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावं. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा आपल्याकडे सर्रास ऐकू येणारा समज या राज्यात चुकीचा आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

पण कॉटचा व्यवहार बहुतेकदा तोंडीच होतो. डिपॉझिट रोख, भाडं मोबाईलवरून, पावती नाही. सोडताना ‘रंगाचे पैसे कापले’ म्हटलं की विषय संपतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मुलं पुस्तकं-गाद्या पेठांतच टाकून गावी गेली आणि तिकडे भाड्याचे फोन येऊ लागले. एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरमालकांना किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलायला सांगितलं. हातात कागदच नसलेल्या मुलाने त्याचा आधार कसा घ्यायचा?

सरकारी मदतीचं गणितही तपासावं. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये ठरली. त्यातले निवासाचे २०,०००. महिन्याला पडतात साधारण १,६६६. पेठेत एवढ्यात कॉट मिळणं अवघड. शिवाय योजनेसाठी महाविद्यालयातला प्रवेश लागतो, म्हणजे स्पर्धा परीक्षेचा पदवीधर इथेही बाहेरच.

वसतिगृहं वाढायला वर्षं लागतील आणि ती वाढलीच पाहिजेत. करार मात्र याच आठवड्यात होऊ शकतो. चौघांनी मिळून २०,००० रुपये भाड्याचा फ्लॅट घेतला तर चौघांचीही नावं एकाच करारात घालता येतात. अकरा महिन्यांच्या भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे ५५० रुपये, डिपॉझिटमुळे त्यात थोडी भर, शहरात नोंदणी फी १,०००. आधार क्रमांकावर ऑनलाइन नोंदणी होते. एजंटची मजुरी सोडली तर सगळा खर्च दोन हजारांच्या आत बसतो, माणशी पाचशेहून कमी. घरमालक कां-कूं करत असेल तर हा खर्च आपण उचलतो म्हणावं, पण डिपॉझिटची रक्कम आणि ते परत देण्याची मुदत करारात लिहून घेतल्याशिवाय किल्ली घेऊ नये.