हाकोने येथील उष्णोदकस्नान

वज्रेश्वरीच्या कुंडांत उतरलेल्या वाचकांस ऊन पाण्याच्या झऱ्यांचें नवल नाहीं. परंतु जपानांतील हाकोने येथें सासूबाईंसह आम्ही जें उतारूगृह पाहिलें, त्याची रीतच निराळी. अशा गृहास 'रियोकान' म्हणतात. यामानाशी प्रांतांतील एकाची स्थापना तर इ. स. 705 मधील सांगतात.

दारांतच पादत्राणें काढून गवती चटयांच्या खोलींत गेलों, तों चहा पुढें आला. 'युकाता' हा सुती झगा सासूबाईंनीं उजवी बाजू वर घेऊन नेसला. सेविकेनें लगबगीनें तो सोडवून डावी वर घेतली. उजवी वर घेतात ती प्रेताची!

खरी अडचण स्नानाची. बायकांचें कुंड वेगळें, पण चारचौघींत विवस्त्र! "मी आपली खोलींतच दोन तांबे घेईन," असें त्यांनीं बजावलें. कुंडापाशीं मात्र त्यांनीं पाहिलें, कीं आधीं बाहेर लहानशा चौरंगावर बसून सर्वांग स्वच्छ धुवावयाचें, मगच सुमारें 41 अंश उष्ण पाण्यांत उतरावयाचें. पंचासुद्धां पाण्यास लागूं द्यावयाचा नाहीं. "अगबाई, हें तर सोंवळेंच कीं!" म्हणून त्या आमच्याआधीं उतरल्या.

भोजनाविषयीं आधीं पत्रानें कळवावें. 'मांस नको' एवढ्यानें भागत नाहीं. साध्या सारांतही सुक्या मासळीचा अर्क असतो. आम्हीं बौद्ध भिक्षूंचें 'शोजिन' अन्न मागविलें होतें. सुबक, पण अळणी. लोणच्याची बरणी सोबत होती म्हणून बरें!

दुसऱ्या दिवशीं पहाटे जाग आली, तों सासूबाईंचें अंथरूण रिकामें. त्या केव्हांच कुंडावर गेल्या होत्या.