१२३४५६७८९८७६५४३२१ : डेम्लो संख्या

सतरा अंकी ही संख्या पूर्ण वर्ग आहे. १११११११११ (नऊ वेळा १) चा वर्ग केला की नेमकी हीच मिळते. अशा संख्यांना 'डेम्लो' हे नाव दिलं द. रा. कापरेकरांनी. डहाणूत १९०५ साली जन्मलेले, देवळालीत शिक्षक असलेले हे गणितवेडे गृहस्थ. त्यांना ही कल्पना मुंबईजवळच्या डेम्लो रेल्वे स्थानकावर सुचली, म्हणून हे नाव.

आमच्या नाटे गावातल्या मुलामुलींनो, वही उघडा आणि गुणाकार उभा मांडा. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक येतात, फक्त एकेक घर डावीकडे सरकून. मग उजवीकडून बेरीज करत चला: पहिल्या स्तंभात एक १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मधल्यात नऊ, पुढे पुन्हा उतरंड. कुठेही हातचा येत नाही, म्हणूनच अंक इतके देखणे दिसतात! दहा एक घेतले की मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असं बिघडतं.

आपल्या सतरा अंकी संख्येतल्या सगळ्या अंकांची बेरीज ८१, तोही वर्गच. आता अवयव पाहा. १११११११११ = ९ × ३७ × ३३३६६७, आणि ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. मला सगळ्यात आवडतं ते यातलं ३७ × ३३३६६७. उत्तर येतं १२३४५६७९, ज्यात ८ गायब! कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून हा गुणाकार हातानेच करा.