कोयत्यातलं तिसरं माणूस

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, शेळ्या, कोंबड्या आणि सगळ्यांत वर माणसं. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली कितीतरी गावं अर्धीमुर्धी रिकामी होतात. पुढचे पाच-सहा महिने ती माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या फडात राहतात. या धंद्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, टनाचा हिशेब होतो तोही कोयत्यावर. एकट्या गड्याला अर्धा कोयता धरतात.

या हिशेबात मला कायम एक माणूस कमी वाटत आलं आहे. गावात लेकरांजवळ मागं राहिलेली म्हातारी.

माझे आई-वडील फडात असायचे आणि आम्ही भावंडं मोठ्या आईजवळ. आजीला आम्ही मोठी आई म्हणायचो. तिचं जन्मसाल कुठं लिहिलेलं नव्हतं. "रझाकाराच्या धामधुमीत मी पाळण्यात होते," एवढंच ती सांगायची. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, आणि ते भारतात आलं 17 सप्टेंबर 1948 ला. त्या काळात आमच्या डोंगरात पोरीच्या जातीला शाळा माहीत नव्हती. मोठ्या आईला वाचता येत नव्हतं. पण बाजारातल्या उधारीचा आणि मुकादमाच्या उचलीचा आकडा तिला तोंडपाठ असायचा, आणि तो कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

1972 चा दुष्काळ हा तिच्या पिढीच्या आयुष्यातला खरा धडा. विहिरी आटल्या, जनावरं विकावी लागली. सरकारनं जागोजाग कामं काढली: पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणं. पुढं 1977 साली विधिमंडळानं मंजूर केलेला रोजगार हमीचा कायदा याच काळाच्या पोटातून आला, वि. स. पागे यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. मोठी आई त्या कामांवर खडी फोडायची, आणि माझे वडील शेजारी बाभळीला बांधलेल्या झोळीत. खायला कामावर मिळणारी सुकडी, आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. मिलोच्या भाकरीचं नाव काढलं तरी ती तोंड फिरवायची. पण घरात कुणी ताटात तुकडा टाकला, की पहिल्यांदा त्या मिलोचीच आठवण काढून द्यायची.

दुष्काळानंतर आजोबा आणि ती बैलगाडी घेऊन ऊसतोडीला लागले. गुडघे आणि कंबर साथ देईनात, तेव्हा तिनं कोयता सुनेच्या हाती दिला आणि स्वतः घरी राहिली. घरी राहिली म्हणजे बसली असं मात्र नाही. पहाटे चूल, आमच्या भाकरी, शेळ्यांचा चारा, हंडाभर पाण्यासाठी हापशावरची रांग, धाकट्याला अंगणवाडीत सोडणं, कुणाला ताप आला तर त्याला कडेवर मारून आरोग्य केंद्र गाठणं. कालवण बहुतेक दिवस येसराचं, कारण येसर एकदा करून ठेवलं की महिनोन्महिने टिकतं आणि भाजी नसली तरी आमटी होते. हरभऱ्याला कोवळा पाला आला की त्याचा घोळाणा.

दुपारी ती वाकळ शिवायला बसायची. तिचं हे काम मी फार जवळून पाहिलं. आधी दोन जुनी लुगडी जमिनीवर ताणून अंथरायची, कडांवर दगड ठेवायची. मधे फाटकी धोतरं, आमचे न येणारे सदरे, उसवलेल्या परकराचे तुकडे असे थर. मग स्वतः त्यावर बसून कडेपासून आत धावदोरा घालत यायचं. एकेक ओळ बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर, कुठं आखलेली नाही तरी सरळ. आई-वडील फडात कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहायचे आणि थंडी पौषाची असायची. म्हणून पहिली वाकळ त्यांच्या ट्रकमध्ये जायची, आमची नंतर.

पुढं गावात मोबाइल आला. रात्री फडातून आईचा फोन यायचा. "आत्याबाई, लेकरं खायलेत का नीट?" "खायलेत. तू तुझं बघ, पाय जपून टाक," असं मोठी आई म्हणायची. आमच्यातलं कुणी तापानं फणफणलेलं असलं तरी तिचं उत्तर तेच. फडातून उठून यायचं तर उचल अंगावर राहते, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

मोठ्या आईच्या पिढीतल्या बायका जात्यावर दळताना काय म्हणायच्या, ते सुदैवानं जपलं गेलं आहे. गी पोइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याच्या एका संस्थेमार्फत खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात आमच्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गाइलेल्या ओव्याही आहेत. 2017 पासून हा ठेवा 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संग्रहातून लोकांपुढं येतो आहे. गिरणी आल्यावर जातं कोपऱ्यात गेलं. पण मोठी आई वाकळ शिवतानाही ओवी म्हणायची, आणि तिच्या ओवीत माहेर, भाऊ आणि नातवंडं हटकून असायची.

आता एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या दर 100 बायकांत 43 हून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. याला कारणं पुष्कळ आहेत: गरिबी, हुंडा, रीत. पण ऊसतोडीच्या गावात आणखी एक कारण उघड बोललं जातं. वयात आलेली पोर ठेवायची कुणाजवळ? फडात नेली तर कोपीला दार नाही, गावात ठेवली तर घरात मोठं माणूस नाही. ज्या घरात म्हातारी धडधाकट असते, तिथं पोरीला निदान दहावीपर्यंत दम मिळतो. माझ्या थोरल्या बहिणीला तो मिळाला. तिला पाहायला येणारे पाहुणे मोठ्या आईनं एकटीनं दोनदा ओसरीवरूनच माघारी लावले. "पोर शिकायली अजून," एवढंच कारण. तीच बहीण आज अंगणवाडी सेविका आहे.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांतून हंगामी वसतिगृहं चालली. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी 'शांतिवन' उभं केलं आणि ऊसतोड मजुरांच्या लेकरांना हक्काचं घर दिलं. 2021 मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना आली. ऊसतोड मजूर जिथून जास्त जातात अशा 41 तालुक्यांत मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक, अशी 82 वसतिगृहं त्यात ठरली. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. हे सगळं हवंच होतं. पण अजून शाळेत न जाणारं लेकरू वसतिगृहात जात नाही. ते म्हातारीच्याच मांडीवर राहतं.

आणि त्या म्हातारीच्या हातात काय? पासष्ट ओलांडली आणि कागद जुळले, तर श्रावणबाळ योजनेचे महिना 1,500 रुपये. तिच्याकडून ते वह्या-पेनांत, औषधांत, किराण्याच्या उधारीत जातात. रेशन दुकानात यंत्रावर अंगठा लावायचा, तर खडी आणि ऊस यांनी बोटांवरच्या रेषा पुसून टाकलेल्या. मोठी आई पदरानं अंगठा पुसायची, पुन्हा टेकवायची, मग दुसरं बोट, मग तिसरं. मागची रांग कुरकुरायची. ठसा उमटला नाही की दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मला जावं लागायचं.

ती गेली ती माघात, ऐन हंगामात. आई-वडिलांना फडातून निघायला मुकादमाची परवानगी काढावी लागली, आणि ते पोचले तेव्हा रात्र झाली होती. दहाव्याला भावकी जमली. तेरावं उरकलं, आणि चौदाव्या दिवशी घरात एकच प्रश्न उरला: धाकट्याला कुणाजवळ ठेवायचं? आई त्या वर्षी फडात परत गेली नाही. वडील एकटेच गेले, अर्धा कोयता म्हणून, आणि उरलेली उचल पुढच्या हंगामावर गेली.

आता गावोगाव ऊसतोड मजुरांची नोंद होते, त्यांना ओळखपत्रं मिळतात. कोयता चालवणाऱ्याचं नाव कागदावर यायला इतकी वर्षं लागली. त्याच्या घरी लेकरं कोण सांभाळतं, हेही त्या नोंदीत विचारलं जावं. त्या म्हातारीला हंगामापुरता वेगळा भत्ता मिळावा, तिचं रेशन अंगठ्यावाचून घरपोच यावं, आणि महिन्यातून एकदा आरोग्य सेविकेनं तिच्या दारात जाऊन तिचा रक्तदाब पाहावा. लेकरांसाठी ती सेविका त्या घरी जातेच.